संशोधनाची आणेवारी

जून-जुलैच्या सुमारास विद्यापीठांच्या विभागांत नवे संशोधक विद्यार्थी रुजू होतात, विषयांच्या याद्या लागतात, आणि मार्गदर्शकांच्या नेमणुकांचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरू लागतात. अशा वेळी प्राध्यापकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो, तो हा की यांपैकी तडीस कोण जाईल आणि मध्येच गळेल कोण. मुलाखतीतल्या दोन हजरजबाबी उत्तरांवरून, पदवीच्या गुणपत्रिकेवरून, क्वचित घराण्यावरूनही, या प्रश्नाची उत्तरे ज्या ठामपणाने दिली जातात तो ठामपणा पाहून, संख्याशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माझ्यासारख्याला नवल वाटल्याशिवाय राहत नाही. तीन-चार वर्षांनी निकाल लागतो तेव्हा मूळ भाकीत कोणी कोठे लिहून ठेवलेले नसते, आणि त्यामुळे आपण हे अगोदरच ओळखले होते असे प्रत्येकाला अगदी प्रामाणिकपणे वाटते. भाकीत कागदावर न उतरविणे ही भाकीत करणाराची केवढी मोठी सोय आहे हे ज्योतिष्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे; विद्वानांनीही ती उचललेली दिसते.

माझे म्हणणे असे की, विद्यार्थ्याच्या संशोधनाचे यशापयश त्याच्या चेहऱ्यावरून किंवा गुणांवरून वाचावयाचे नसून, त्याच विभागातल्या पूर्वीच्या प्रकल्पांच्या दफ्तरावरून आणि नव्या प्रकल्पाच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रत्यक्ष झालेल्या कामावरून मोजावयाचे असते. आणि हे मोजमाप ज्याला करावयाचे असेल त्याला ‘मी विद्वान आहे, व्यवस्थापक नव्हे’ असे म्हणून अंग काढून घेता येत नाही.

या बाबतीतला सर्वांत बोलका पुरावा विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरूनच मिळालेला आहे. कोणतेही काम हाती घेताना माणूस लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, आणि तेही तशाच कामांना पूर्वी किती वेळ लागला हे ठाऊक असताना धरतो, असे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात एक साधी गोष्ट केली. पदवीचा प्रबंध संपवीत आलेल्या ३७ विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, सर्व काही सुरळीत झाले तर किती दिवसांत होईल, आणि जे जे बिघडण्याजोगे आहे ते सारे बिघडले तर किती दिवसांत होईल. पहिल्या प्रश्नाचे सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आले, दुसऱ्याचे २७, आणि तिसऱ्याचे ४९ च्या आतच. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. स्वतः सांगितलेल्या मुदतीत प्रबंध देणारे एक-तृतीयांशसुद्धा निघाले नाहीत. आणि याहून उद्बोधक गोष्ट ही की, सर्व अरिष्टांची कल्पना करून दिलेली मुदतसुद्धा निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना पाळता आली नाही. म्हणजे संकटांची यादी करावयास सांगितल्यानेही अंदाज सुधारत नाही. याच संशोधकांना असेही आढळले की मागच्या दिरंगाया लोक विसरलेले नसतात. मात्र त्या वेळी आजारपण होते, त्या वेळी यंत्र बिघडले होते, अशी प्रत्येकीची स्वतंत्र कैफियत त्यांच्याजवळ तयार असते, आणि अपवाद म्हणून एकदा बाजूला काढलेली गोष्ट पुढच्या हिशेबात धरली जात नाही.

हा दोष अननुभवी मुलांचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. इस्रायलमध्ये एका पाठ्यपुस्तकाच्या मंडळात कानेमन स्वतः होते. काम दोन वर्षांच्या आसपास संपेल असे सर्व सभासदांनी लिहून दिले, आणि त्यांत अभ्यासक्रमांचे एक जाणते तज्ज्ञही होते. अशा इतर मंडळांना किती काळ लागला असे जेव्हा त्यांनाच विचारण्यात आले, तेव्हा ते अंमळ ओशाळून म्हणाले की पुष्कळांनी काम अर्धवट सोडले, आणि ज्यांनी पुरे केले त्यांना सात ते दहा वर्षे लागली. पुस्तक पुरे व्हावयास आठ वर्षे लागली. माहितीचे दफ्तर त्या तज्ज्ञाच्या डोक्यातच होते. कोणी विचारीपर्यंत त्याने ते उघडले नव्हते एवढेच.

निवडीच्या बाबतीतही हाच प्रकार दिसतो. अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात विद्यार्थी निवडणाऱ्या समितीची मते आणि त्याच विद्यार्थ्यांविषयी पुढे प्राध्यापकांनी दिलेले अभिप्राय रॉबिन डॉज यांनी १९७१ मध्ये ताडून पाहिले, तेव्हा प्रवेशपरीक्षेचे गुण, पदवीचे गुण आणि आधीच्या महाविद्यालयाचा दर्जा या तीन बाबींची साधी बेरीज समितीच्या विचारपूर्वक मतापेक्षा सरस ठरली. कारकुनानेही करावी अशी ती बेरीज! परंतु यावरून गुणपत्रिका हेच भविष्य असा निष्कर्ष जर कोणी काढील तर तोही फसेल; कारण ज्यांना प्रवेश मिळाला तेवढ्यांचेच पुढचे वृत्त आपल्याला कळते, नाकारलेल्यांचे काय झाले असते ते कधीच कळत नाही, आणि निवडलेले सर्वच उत्तम गुणांचे असले म्हणजे गुणांतला फरक पुढच्या फरकाविषयी फारसे सांगेनासा होतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील जीववैद्यक शाखेच्या संशोधक विद्यार्थ्यांविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून कोण पदवी पुरी करील हे सांगता आले नाही, ते म्हणूनच मला अनपेक्षित वाटले नाही. चाळणी आपले काम करून गेल्यावर तिच्याच छिद्रांनी पुन्हा मोजण्यात अर्थ उरत नाही.

मग मोजावे कशाने? येथे मला आपल्या महसूल खात्याची आठवण होते. पिकाची आणेवारी, म्हणजे आणे गेल्यापासूनची पैसेवारी, प्रथम नजरअंदाजाने ठरते, मग सुधारित होते आणि शेवटी अंतिम होते. आणि सारा माफ वा तहकूब करावयाचा की नाही हे वर्षानुवर्षे याच अंदाजांवर ठरत आले. बांधावर उभे राहून केलेल्या या अंदाजाला शास्त्रीय पाया असावा म्हणून १९४० नंतरच्या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. पानसे यांनी जी पद्धत सिद्ध केली तिचे मर्म अगदी साधे होते. शेत यदृच्छेने निवडावे, त्यातला एक लहान तुकडा यदृच्छेनेच आखावा, त्यातले पीक कापावे, मळावे आणि तोलावे. तुकडा लहान खरा, पण त्यावरची क्रिया कापणीपासून तागडीपर्यंत पूर्ण. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाची पारख अशाच कापणीने होते असे माझे मत आहे.

समजा, कांद्याच्या भावातील चढउतारावर एखाद्या विद्यार्थिनीस प्रबंध लिहावयाचा आहे आणि तिच्या आराखड्यात नाशिक जिल्ह्यातील सर्व बाजार समित्या व दहा वर्षांचा काळ आहे. तिला तीन महिने ग्रंथालयात बसवून पूर्वसूरींचा आढावा लिहावयास सांगणे ही रूढ रीत झाली. त्याऐवजी पहिल्या सहा आठवड्यांत तिने फक्त लासलगावचा, फक्त एका महिन्याचा भाव घ्यावा. पण तो मिळविण्याचा अर्ज, परवानगी, नोंदी उतरवून घेणे, आकडेमोड, एक आलेख आणि त्यावर दोन पाने लेखन, असा सर्व प्रवास त्यात यावा. एवढ्याने काय काय उघडकीस येते पाहा! परवानगीचे पत्र कोणत्या टेबलावर अडते. लिलाव बंद असलेल्या दिवसांचे रकाने कोरे आहेत की आदल्या दिवसाच्या भावाने भरलेले. किमान, कमाल आणि सर्वसाधारण अशा तीन भावांपैकी आपल्या प्रश्नाला कोणता हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थिनीला दोन पाने लिहावयास दोन दिवस लागतात की वीस. एका महिन्याच्या आकड्यांना जो काळ लागला त्यावरून एकशे वीस महिन्यांचा हिशेब सरळ गुणाकाराने होत नाही हे खरे, कारण परवानगी एकदाच मिळवावयाची असते व हातही बसत जातो; तरीपण आराखड्यातल्या सुबक वेळापत्रकापेक्षा हा अंदाज कितीतरी विश्वसनीय असतो. बहुतेक वेळा विषय येथेच आपोआप लहान होतो. आपल्याकडील पुष्कळ प्रकल्प बुडाले ते विद्यार्थ्याच्या मंदपणामुळे नव्हे, तर विषय लहान करण्याचे धैर्य वेळेवर कोणी न दाखविल्यामुळे.

व्यवस्थापन हा शब्द उच्चारताच ज्यांना कारखान्याचा भोंगा ऐकू येतो त्यांनी गीसेन येथील युस्टुस लीबिगच्या प्रयोगशाळेचा वृत्तांत अवश्य पाहावा. १८२४ मध्ये तेथे रुजू झालेल्या या रसायनशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना संशोधन करावयास लावून जगाला एक नवी शिक्षणपद्धती दिली. तो प्रत्येक विद्यार्थ्याकडून रोज सकाळी आदल्या दिवशीच्या कामाचे निवेदन आणि त्यावरचे त्याचे स्वतःचे मत ऐकत असे, आणि मग मान्यता देई किंवा आक्षेप घेई. वाट मात्र ज्याची त्याने शोधावयाची. परंतु एवढ्या रोजकीर्दीनेच गीसेनचे यश साधले असे मला वाटत नाही. कार्बनचे प्रमाण काढण्यासाठी त्याने १८३१ मध्ये पाच गोळ्यांचे जे काचेचे उपकरण तयार केले त्यामुळे पूर्वी केवळ निष्णात हातांना साधणारे पृथक्करण सामान्य विद्यार्थ्याच्याही आटोक्यात आले. हुशार विद्यार्थी निवडण्यावर आपण जेवढी शक्ती खर्च करतो तिचा चतुर्थांश जरी अशी खात्रीची साधने, नमुन्याच्या वह्या आणि तपासलेल्या प्रश्नावल्या विभागात साठविण्यावर खर्च केला, तरी भाकिताची गरजच पुष्कळ कमी होईल.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत यातले काही नाही असे नाही. २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.साठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची मुदत आहे, दर सत्रात विद्यार्थ्याने सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावयाची आहे, आणि एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठांहून, सहयोगी प्राध्यापकाकडे सहांहून व सहायक प्राध्यापकाकडे चारांहून अधिक विद्यार्थी असू नयेत असेही फर्मान आहे. नियम चांगले आहेत. पण प्रगती अहवालात ‘काम समाधानकारक चालू आहे’ हे एकच वाक्य सत्रामागून सत्र उतरत गेले तर त्यावरून कोणतेही अनुमान निघत नाही. पदवीच्या वर्गांचे तर विचारूच नये. ज्या प्रकल्प-अहवालाला मुंबईकडची मुले ‘ब्लॅक बुक’ म्हणतात त्याची बांधणी, सोनेरी अक्षरे आणि सह्या यांची चिंता मार्चमध्ये सुरू होते आणि काम त्याच्याही नंतर. तयार प्रकल्प विकत मिळू लागले त्याचे मूळ मुलांच्या अनीतीइतकेच या वेळापत्रकातही आहे.

यश म्हणजे काय, हे मात्र मुदतीच्या हिशेबात बसत नाही. जॉसलिन बेल या विद्यार्थिनीचा केंब्रिज येथील विषय होता क्वेसारांचा. साडेचार एकरांवर पसरलेली दुर्बीण उभारण्यात तिचा हात होता आणि तिच्यातून निघणाऱ्या कागदाच्या पट्ट्या ती स्वतः डोळ्यांखालून घालीत असे. १९६७ मध्ये त्या पट्ट्यांवर जो क्षुल्लक चिन्हासारखा भाग तिला खटकला त्यातून स्पंदक ताऱ्यांचा शोध लागला, आणि तिच्या प्रबंधात त्याला स्थान मिळाले ते परिशिष्टात! १९७४ चे नोबेल पारितोषिक तिच्या मार्गदर्शकाला मिळाले, तिला नाही, हा आणखी निराळा अध्याय. असा शोध कोणत्याही सूत्राने वर्तविता येत नाही. पण क्वेसारांचे नेमून दिलेले, मुदतीत होण्याजोगे काम तिच्यापुढे नसते तर त्या पट्ट्याही निघाल्या नसत्या. अनपेक्षिताला जागा लागते, ती साध्य अशा कामाच्या कडेलाच मिळते.

उलट अंगाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पाहावे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या शिलकीवर, शाहू महाराजांच्या साहाय्यावर आणि नवल भथेना या मित्राच्या उसनवारीवर ते १९२० मध्ये पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला आक्षेप निघाले, फेरलेखन करावे लागले, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. १९१७ साली एखाद्या कारकुनी तक्त्याने त्यांच्या नावापुढे काय शेरा मारला असता? ‘अभ्यास खंडित’. कारणाचा रकाना नसलेला कोणताही तक्ता पैशाची अडचण आणि बुद्धीची उणीव यांत भेद करू शकत नाही.

म्हणूनच उपस्थिती, गुण आणि संगणकावरील हालचाल यांवरून ‘धोक्यातले विद्यार्थी’ हुडकून काढणाऱ्या आजच्या आज्ञावलींविषयी मी साशंक आहे. त्यांचे गणित चूक आहे म्हणून नव्हे, तर ते भाकीत मार्गदर्शकाच्या हाती पडल्यावर तो काय करील याची मला धास्ती वाटते म्हणून. अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथाल आणि फोड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना तुमचे उंदीर हुशार आहेत असे सांगितले व काहींना मंद आहेत असे सांगितले. उंदीर सर्व सारखेच होते, पण ‘हुशार’ म्हटलेले उंदीर चक्रव्यूहात सरस ठरले. मार्गदर्शकाच्या मनात एकदा शिक्का उमटला की भेटी लांबतात, खर्डे टेबलावर पडून राहतात, आणि भाकीत खरे ठरते. ज्या भाकिताने मदत वाढते तेवढेच विभागात येऊ द्यावे.

विभागप्रमुखांना माझी एक विनंती आहे. गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे नोंदलेल्या प्रत्येक प्रकल्पाची एक वही तयार करावी. तीत विद्यार्थ्याचे नाव नको, पण मागितलेली मुदत व प्रत्यक्ष लागलेली मुदत, बदललेला विषय, मार्गदर्शकाकडे त्या वेळी असलेले विद्यार्थी, पैशाची व साधनांची सोय, आणि काम थांबले असल्यास त्याचे खरे कारण, एवढे असावे. विषय निवडण्यापूर्वी ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मागितल्याबरोबर पाहावयास मिळावी, आणि गळालेल्यांच्या ओळी तीतून वगळू नयेत. यासाठी कोणाच्या मंजुरीची वा अनुदानाची आवश्यकता नाही. येत्या जूनच्या प्रवेशांपूर्वी ती तयार होऊ शकते.