गादी आणि सही

आंबोलीच्या घाटमाथ्यावर उभा राहिलो की मला रस्त्याचा इतिहास आठवतो. वेंगुर्ले बंदरातून बेळगावच्या पलटणीला रसद जावी म्हणून इंग्रजांनी हा मार्ग वापरला. पुढे १८८० च्या दशकात कर्नल वेस्ट्रॉप या पोलिटिकल एजंटाने येथे थंड हवेचे ठिकाण वसविले. साहेबाला उन्हाळा सोसेना; घाम गाळला तो आमच्याच माणसांनी!

सावंतवाडीचा कारभार इंग्रजांनी १८३८ सालीच हाती घेतला होता. गादी भोसल्यांची, सही साहेबाची! पॅसिफिकमधील टोंगा बेटांवरही १९०० पासून १९७० पर्यंत राजा आपला, पण देखरेख इंग्रजांची होती. बापूसाहेब महाराजांना पूर्ण अधिकार मिळायला १९२४ साल उजाडले. मधली ८६ वर्षे रयतेने दाद कोणाकडे मागावी? घाट सुंदर आहेच. पण वळणावळणावर हा प्रश्न मला अडवतो.