अकरा गुणांवरची साठ सेकंदं

चि. मुक्ता हिस,


परवा तू फोनवर विचारलंस, "मामा, कोचिंगची नोकरी धरली म्हणजे खेळाडू म्हणून मी संपलेच ना?" मागे मामीच्या कुकरची शिट्टी होत होती, मला काही सुचलं नाही. म्हणून हे पत्र.

तू बॅडमिंटनमधली डबल्सवाली, तेव्हा तुला मथियास बोचंच सांगतो. डेन्मार्कचा डावखुरा. जाळीपाशी हा, मागून ठोकायला कार्स्टन मोगेनसन. 2011 ला ऑल इंग्लंड, 2012 ला लंडन ऑलिंपिकचं रौप्य. पण जानेवारी 2014 मध्ये कोरियात मोगेनसनच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सिंगल्सवाल्याचं दुखणं त्याच्यापुरतं असतं गं. डबल्समध्ये एक आडवा झाला की दुसऱ्याचाही खेळ अडतो. मोगेनसन परत आला आणि मार्च 2015 मध्ये दोघांनी पुन्हा ऑल इंग्लंड जिंकली. अंतिम सामन्यात समोर झांग नानबरोबर फू हायफेंग, म्हणजे लंडनचं सुवर्ण बो-मोगेनसनच्या हातून नेलेल्या जोडीतला एक! मला तरी हे विजेतेपद बाकी सगळ्यांहून मोठं वाटतं.

2020 मध्ये बो खेळायचा थांबला आणि टोकियो ऑलिंपिकच्या आधी आपल्या सात्त्विक-चिराग जोडीचा कोच झाला. चिराग त्याला नवा नव्हता. इथल्या बॅडमिंटन लीगमध्ये दोघं पुण्याच्या संघात होते. गोरेगावात उदय पवारांकडे घडलेला चिराग आणि अमलापुरमचा सात्त्विक यांची जोडी लावली ती मलेशियाच्या टॅन किम हेरनी. दोघंही मुळात मागून ठोकणारे, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. मग जाळीपाशी कसं उभं राहायचं हे, ज्याने उभी कारकीर्द तिथेच काढली, त्याच्याहून कोण चांगलं सांगणार?

टोकियोत पोरं गटातले तीनपैकी दोन सामने जिंकूनही बाहेर पडली. त्यांनी हरवलेले तैवानचे ली यांग आणि वांग ची-लिन सुवर्ण घेऊन गेले. अशा रात्री कोचने पोरांना काय सांगायचं, मला अजून कळलेलं नाही. पुढे 2022 ला थॉमस कप आला, 2023 ला आशियाई सुवर्ण आणि जगातला पहिला क्रमांक.

तुझ्या कामाचं सांगतो. रॅली चालू असताना कोचने गप्प बसायचं. अकरा गुणांवर 60 सेकंदं, दोन गेमच्या मध्ये 120. त्यातच घाम पुसायचा, पाणी प्यायचं आणि ऐकायचं. एकच गोष्ट सांगावी; दोन सांगितल्या की एकही डोक्यात राहत नाही. मी क्लबात शिकवायचो तेव्हा पाच सांगायचो. एकदा जिल्हा स्पर्धेत अकरा-सातवर मी सर्व्हिसपासून सुरुवात केली, रिसीव्हवर आलो, जोडीदाराच्या चुकीवर घसरलो. पोरगं लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं. मी दम खाल्ला तसं हळूच म्हणालं, "सर, पाणी पिऊ?" तेवढ्यात पंचांनी आत बोलावलं. बाटलीचं झाकण उघडायचं राहूनच गेलं.

पॅरिस ऑलिंपिकला 1 ऑगस्ट 2024 रोजी उपांत्यपूर्व फेरीत पहिला गेम 21-13 घेतला आणि पुढचे दोन 14-21, 16-21 असे गेले. मलेशियाचे चिया आणि सोह पुढे सरकले. त्यानंतर बोने कोचिंग थांबवलं. हॉलमध्ये फार वर्षं गेली, या कामाचा ताण पडतो, आता दमलो, असं त्याने मोकळेपणी लिहिलं. मला आवडलं ते. खेळाडू खरंच संपला असता, तर खुर्चीत बसून इतका दमला असता का? हात शिवशिवतात आणि रॅकेट दुसऱ्याच्या हातात असते, त्याचाच तो शीण.

नोकरीचं तू ठरव, मी पडत नाही त्यात. माळ्यावर तुझी जुनी रॅकेट सापडली, तिचं गटिंग तुटलंय. शनिवारी भरायला टाकतो. किती ताणाचं भरायला सांगू ते कळव. स्मॅश मारायला हवी आहे की पोरांना शटल फीड करायला, त्यावर ठरेल.

तुझा,
मामा