पाय धुणारे, धुऊन घेणारे

पवित्र गुरुवार. वेदीपुढे बारा खुर्च्या, बारा जण, प्रत्येकाचा एक पाय उघडा. फादर वरचा झगा उतरवून, कमरेला टॉवेल बांधून गुडघ्यांवर. शेजारी तांब्या आणि घंगाळ धरलेला मुलगा. गंमत अशी की बाराही जण घरूनच साबणानं पाय घासून, नखं कापून आलेले असतात. फादरांसमोर मळके पाय न्यायचे कसे! येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या मूळ प्रसंगातले पाय धुळीनं भरलेले होते आणि ते धुणं घरगड्याचं काम होतं.

*

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिष्य पेत्र पाय धुऊन घ्यायला आधी साफ नकार देतो. लोक त्याला नम्रता म्हणतात. मला तो मानीपणा वाटतो. सेवा करणारा कितीही वाकला तरी वरचढच असतो. करून घेताना खरी मान खाली जाते. आजारपणात सुनेकडून अंग पुसून घ्यावं लागलेल्यांना विचारा.

येशूला धरून देणारा यहूदा तेव्हा उठून गेलेला नव्हता. त्याचेही पाय धुतले गेले.

*

2013. निवड होऊन पंधरवडा होतो न होतो तोच पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात गेले. ज्यांचे पाय धुतले त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. बायकांना या विधीत घेण्याची मुभा कागदावर आली 2016 साली.

*

देवळातल्या पंख्यांवरही देणगीदारांची नावं. पंखा फिरू लागला की एकही वाचता येत नाही, हे बरं.

*

पंडिता रमाबाई. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली. एवढी विद्या कुठे खर्च केली? केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा सांभाळण्यात. आणि हिब्रू-ग्रीकवरून बायबल अशा मराठीत आणण्यात की खेड्यातल्या बाईलाही कळावं. टाइप जुळवायला सदनातल्याच बायका. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल त्यानंतर बाहेर पडलं. सोपं लिहायला पंडितानं बसणं, यापेक्षा अवघड नम्रता मला तरी सुचत नाही.

*

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीनं ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्याग मोठाच. पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि संसार पत्नी लक्ष्मीबाईंना ओढावा लागे. एकाच्या निःस्वार्थीपणाची किंमत पुष्कळदा घरातलं दुसरंच माणूस मोजतं, आणि चरित्रकार त्याला ‘साथ दिली’ एवढ्यावर उरकतात. लक्ष्मीबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं म्हणून कळलं, तेही रडगाणं न करता, हसत. प्रवचनांत टिळकांचा दाखला जरूर द्या. त्याआधी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ एकदा काढून वाचा.