वडिलांचा हात

कांद्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून वडील ऊब पाहत. मला हसू येई. एका वर्षी चाळ मी भरली: माती न झाडता, बारीक-मोठा कांदा एकत्र. फटी बुजल्या, निम्मा माल सडला. वडील चकार शब्द बोलले नाहीत.

पुढे संगणकावर मी हेच गणित मांडू लागलो. सच्छिद्र थर खालून तापवला, तरी आतली हवा लगेच हलत नाही. लॅपवुडने १९४८ साली दाखवले, की रॅले-अंक सुमारे ३९.५ च्या पुढे गेला तरच ती आपोआप फिरू लागते. फटी बारीक झाल्या, की अंक घसरतो. ऊब आतच कोंडते.

कांद्याचा ढीग इतका सरळ नसतो, पण मर्म तेच. वडिलांच्या हाताला ते ठाऊक होते. आज उत्तर माझ्याजवळ आहे. दाखवायला ते नाहीत.