कुणाच्या पाठीवरून?

लहानपणीच्या गोष्टींत कोल्हा लबाड, हे ठरलेलं. पण भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी वाघाला चक्क गंडवते, तिला आजी कधी लबाड म्हणाली नाही. ‘मोठी हुशार हो!’ म्हणायची. पुढे शाळेत १६६६ ची आग्र्याहून सुटका आली. आजारपणाचं सोंग, मिठाईचे पेटारे आणि पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी. इतिहासाच्या तासाला आमची छाती फुगायची आणि पुढच्याच तासाला इंग्रजीतल्या कोल्ह्याला चिकटलेलं ‘स्लाय’ आम्ही नाक मुरडून घोकायचो. आपल्या माणसाची ती युक्ती, दुसऱ्याची ती लबाडी.

सिंगापूरमध्ये बुकित पंजांगला राहायला आले आणि लबाडांची नवी जमात भेटली: लांब शेपटीची माकडं. झेंगहुआ उद्यानाच्या कडेने जाताना हातातली प्लास्टिकची पिशवी ती बरोबर हेरतात. शेजारी वैतागतात, मीही वैतागते. पण इथूनच १९८० च्या दशकात द्रुतगती मार्ग गेला आणि बुकित तिमाहचं जंगल मधल्या मोठ्या जंगलापासून तुटलं. प्राण्यांना ओलांडायला पूल मिळाला तो २०१३ मध्ये. तोवर त्यांनी काय सचोटीने जगायचं होतं?

लेकीने वाचनालयातून सांग कांचिलच्या गोष्टी आणल्या. कांचिल म्हणजे जेमतेम दोन किलोचं हरीण, आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीचं भावंड. सिंगापूरच्या जंगलात ते अजून आहे. ना शिंगं, ना ताकद. नदीपलीकडची फळं हवीत, तर ते मगरींना सांगतं, ‘राजाने तुमची मोजणी करायला पाठवलंय, मेजवानी आहे.’ मगरी रांगेत उभ्या राहतात आणि स्वारी मोजत मोजत त्यांच्या पाठींवरून पैलतीरी. लेक खिदळली, मीही.

दुसऱ्या गोष्टीत ते खड्ड्यात पडतं. आभाळ कोसळणार अशी आवई उठवून हत्तीला आत उतरवतं आणि त्याच्या पाठीवर चढून निसटतं. या वेळी लेक हसली नाही. ‘हत्तीने काय केलं होतं?’

मगरी त्याला खायला टपलेल्या होत्या, हत्ती मात्र भरवशावर उतरला होता. नोकरीत, नात्यात मी कित्येक चलाख माणसांचं कौतुक केलं, ते फक्त ती पार पोचली म्हणून. खड्ड्यात कोण उरलं, हे बघायला वाकले नाही. आता कुणी कुणाला ‘भारी धूर्त’ म्हटलं, की आधी ती पाठ कुणाची होती ते विचारते.