झाकलेले रकाने

मॅक्सिम त्सिगाल्को हे नाव बेलारूसबाहेर कुणाला माहीत असायचं तसं काही कारण नव्हतं. दिनामो मिन्स्कचा हा स्ट्रायकर. दुखापतींनी त्याला सव्विशीतच फुटबॉल सोडायला लावलं आणि 2020 च्या डिसेंबरात, वयाच्या 37 व्या वर्षी तो गेला. बातमी आली तेव्हा जगभरातली तिशी-चाळिशीतली माणसं हळहळली. त्यांतल्या बहुतेकांनी त्याला मैदानावर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याला विकत घेतलं होतं, तेही अगदी स्वस्तात.

हळहळणाऱ्यांत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेला आणि आता पुण्यात नोकरी करणारा एक जण होता. त्याने त्सिगाल्कोला घेतलं ते ‘चॅम्पियनशिप मॅनेजर 01/02’ या खेळात. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधल्या दोन भावांनी घरातल्या खोलीत बसून लिहिलेला हा खेळ 1992 मध्ये पहिल्यांदा बाजारात आला. 2001 ची आवृत्ती कोल्हापुरात पोचली ती मित्राच्या मित्राने कॉपी केलेल्या सीडीवर. त्यात चेंडू दिसत नसे, मैदानही नाही. पडद्यावर शब्दांच्या ओळी उमटत आणि तेवढ्यावर पोरांची छाती धडधडे. बाकी सगळा आकड्यांचा कारभार. फिनिशिंग, पासिंग, वेग, धाडस, प्रत्येकाला 1 ते 20 पैकी गुण.

याच आवृत्तीत एक नवी सोय आली होती. डाव मांडताना हवं तर खेळाडूंचे गुण झाकून ठेवता येत. मग तुमच्या क्लबला ज्याची माहिती असणं शक्य नाही, अशा खेळाडूचे रकाने कोरे दिसत आणि स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, पाठवल्याशिवाय ते भरत नसत. त्या वयात हे कुणाला हवं होतं? सगळे आकडे उघडे ठेवायचे आणि पहिल्याच दिवशी खरेदीला निघायचं, हीच रीत. खरेदीची यादी वहीच्या मागच्या पानावर तयार असे. मिन्स्कचा त्सिगाल्को, मिलवॉलचा चेर्नो सांबा, डर्बी काऊंटीचा टोंटोन झोला मुकोको. पोर्तुगालच्या खालच्या पायरीवरच्या गोव्हेया क्लबचा टो मडेरा हे तर त्या यादीतलं रत्न. हा मडेरा प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हता. तिथल्या माहिती गोळा करणाऱ्याने तो चक्क घुसडून दिला होता आणि पुढच्या दुरुस्तीत त्याला काढून टाकावं लागलं. तोवर त्याने कोल्हापुरातही गोलांचा पाऊस पाडला होता.

पण त्या लबाडीमुळे या खेळाची मेख कळते. रकान्यातला प्रत्येक आकडा मुळात कुणाच्या तरी डोळ्यांनी ठरवलेला असतो. सामने बघणारी, बहुतेकदा त्या क्लबवर जीव असलेली माणसं देशोदेशी नेमलेली असतात. कुणाचा डावा पाय कसा आहे, कोण मोठ्या सामन्यात कच खातो, हे ती ठरवून पाठवतात. अशा माणसांचं कोल्हापूरकराला नवल वाटायचं कारण नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबचा सामना असला, की गॅलरीत अशी शेकड्याने भेटतात. फरक इतकाच, की ती लिहून ठेवत नाहीत, मोठ्याने सांगतात. 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. तो लहानपणीच हेरला होता असं सांगणारे आज पेठेपेठेत निघतील.

2003 मध्ये खेळ बनवणारी ‘स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह’ आणि प्रकाशक कंपनी यांची फारकत झाली. जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं. खेळाडूंची माहिती आणि खेळाचा गाभा घेऊन स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ‘सेगा’कडे गेली आणि 2004 च्या अखेरीस ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाने तोच संसार पुन्हा मांडला. आपला माणूस तेव्हा इंजिनिअरिंगला होता. हॉस्टेलवर कुणीतरी पैजेवर सुचवलं, की एक डाव गुण झाकून खेळू. त्या डावात त्याला पहिल्यांदा कळलं, की स्काऊटलाही गुण असतात. खेळाडू आज कसा आहे ते ओळखण्याचे वेगळे आणि पुढे कसा होईल ते ओळखण्याचे वेगळे. डोळा कच्चा असलेला स्काऊट हाताशी असेल, तर पाच ताऱ्यांची शिफारस घेऊन आलेला पोरगा दोन वर्षांत राखीव संघाच्या बाकावर दिसतो.

आणि काही गोष्टी गुण उघडे ठेवले तरी दिसत नाहीत. सातत्य, व्यावसायिक वृत्ती, दुखापतींची खोड हे सगळं पडद्याआड. प्रत्येक खेळाडूची आजची कुवत आणि कमाल मजल हे 200 पैकीचे दोन आकडेही लपलेले. कोवळ्या पोरांच्या बाबतीत तर गंमत आणखी पुढची. अनेकांच्या कमाल मजलेच्या जागी ठाम आकड्याऐवजी उणे आकडा असे. उणे 9 म्हणजे 150 ते 180 मधलं काहीही आणि ते दर डावाला नव्याने ठरायचं. म्हणजे एकच मुलगा एका डावात महान होई आणि दुसऱ्या डावात नुसता बरा. फ्रेडी अडू चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या लीगमध्ये उतरला, तेव्हा खेळातही सगळे त्याच्यामागे धावले होते. प्रत्यक्षात तो क्लबमागून क्लब बदलत राहिला. ज्यांनी तीच फाईल चार वेळा उघडून चार वेगळे अडू पाहिले होते, त्यांना त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नसावं.

मोठा बदल 2014 च्या नोव्हेंबरात, ‘फुटबॉल मॅनेजर 2015’ मध्ये झाला. कोरा रकाना गेला आणि तिथे पल्ला आला. पासिंग 11 ते 17. स्काऊट दोन-चार सामने पाहून आला की 13 ते 15. पूर्ण माहिती हाती लागेपर्यंत थांबलात, तर दुसरा क्लब पोरगं उचलून नेतो. घाई केलीत, तर 11 पदरात पडायची भीती. ‘काहीच माहीत नाही’ आणि ‘सगळं माहीत आहे’ यांच्यामधली जी जागा आहे, ती या खेळाला इथे सापडली. इतक्या वर्षांत झालेला स्काऊटिंगचा हा सर्वांत शहाणा बदल, असं आपल्या माणसाचं मत आहे आणि ते खोडून काढणारं कुणी भेटलेलं नाही.

गंमत म्हणजे खऱ्या क्लबांचा प्रवास त्याच सुमारास उलट्या दिशेने चालला होता. एव्हर्टनने 2008 मध्येच या खेळातली माहिती वापरण्याचा करार केला होता. 2014 मध्ये ती माहिती प्रोझोन या कंपनीच्या खेळाडू-शोध यंत्रणेत गेली, म्हणजे व्यावसायिक क्लबांच्या टेबलावर आली. खेळ आकडे झाकत होता आणि क्लब ते मागून घेत होते.

पुढे मात्र कारभार वाढला. 2017 अखेरच्या आवृत्तीत स्काऊटिंगला बजेट आलं, जगाचा किती भाग धुंडाळायचा याची पॅकेजं आली आणि शिफारशीला 100 पैकी गुण. अहवालांना लग्नाच्या बायोडाट्याची कळा आली. गुण ठळक, दोष सौम्य शब्दांत आणि पगाराची अपेक्षा शेवटी. तीन वर्षांनी भरतीच्या बैठका सुरू झाल्या. चीफ स्काऊट आणि रिक्रूटमेंट अ‍ॅनालिस्ट समोर बसून कुठल्या जागेवर माणूस हवा ते विचारू लागले. त्यानंतर आला डेटा हब, तक्ते आणि आलेखांचा. दिवसभर हिंजवडीत बैठका आणि डॅशबोर्ड उरकून आलेल्या माणसाने रात्री घरी बसून पुन्हा तेच करावं, हे त्याच्या बायकोला अजून समजलेलं नाही. खरं तर त्यालाही बैठका आवडत नाहीत. तो त्या सहायकावर सोपवतो.

तरीही त्याचं स्काऊटिंग अर्धंमुर्धंच होतं, कारण डोकं आधीच भरलेलं. पल्ला कितीही रुंद असो, टीव्हीवर पाहिलेला आणि बातम्यांत वाचलेला मुलगा चांगला आहे हे ठाऊकच असे. खेळाने झाकावं आणि स्मरणाने उघडावं, असं चाले. डावात दहा-पंधरा वर्षं गेल्यावर, खरे खेळाडू निवृत्त होऊन यंत्राने घडवलेली पोरं त्यांच्या जागी आली, की मगच खरा शोध सुरू होई. पण नोकरी आणि संसार सांभाळून डाव तिथवर नेणं कितीजणांना जमतं?

2025 च्या फेब्रुवारीत कंपनीने त्या सालची आवृत्ती सरळ रद्द केली आणि नोव्हेंबरात नव्या तंत्रावरचा ‘फुटबॉल मॅनेजर 26’ आणला. त्याची मांडणी पाहून जुनी मंडळी कडाडून बोलली. बटणं सापडत नाहीत, नेहमीचे पडदे गायब, अशा तक्रारी. त्याही गोंधळात महिला फुटबॉल या मालिकेत पहिल्यांदा आलं. आपल्या माणसाने इंग्लंडच्या महिला लीगमधला एक संघ घेतला आणि यादी उघडली. मोजक्या नामवंत खेळाडू सोडल्या तर एकही नाव ओळखीचं नाही. वहीतली यादी इथे कामाची नव्हती, टीव्हीवरची ऐकीव माहितीही नव्हती. स्काऊटचे अहवाल त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, पल्ल्यांवर विचार केला आणि एका मिडफिल्डरसाठी बजेटच्या मानाने जरा जास्तच पैसे मोजले. मांडणीबद्दलची कुरकुर रास्त आहे आणि ती मांडणी कंपनीने दुरुस्त करावी. पण स्काऊटिंगसाठी हा खेळ खेळणाऱ्याने या वेळी महिला संघच घ्यावा.