भाकरीचा आकडा

साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि खाण्यापिण्याचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं. पुढचं मी माझ्या हातात घेतलं. घोळ तिथूनच सुरू झाला.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. खामगावात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर ग्लायसेमिक इंडेक्सचे तक्ते फिरत होते. 55 पर्यंत कमी, 56 ते 69 मध्यम, 70 पासून पुढे जास्त. टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेनकिन्स यांनी सहकाऱ्यांसह 1981 साली ही मोजणी मांडली, तेही मी पाठ केलं. निवृत्त मास्तर मी; पाठांतराची खोड जुनी.

माझ्या तक्त्यात ज्वारी 'कमी'च्या रांगेत होती. झालं. पोळ्या बंद, भाकरी सुरू. पोळ्या मोजून खाणारा मी भाकरी मोजेनासा झालो. तव्यावरून ताटात येणारी भाकर, पिठलं आणि मिरचीचा ठेचा समोर असताना मोजायचं सुचतं कोणाला? बायको एकदा म्हणाली, "अवो, त्या कागदावर भाकरी किती खाच्या ते लिवलं हाये काय?" मी तिला जेनकिन्स ऐकवला.

ते खरंच लिहिलेलं नव्हतं. हा आकडा काढताना माणसाला त्या पदार्थातून बरोबर 50 ग्रॅम कर्बोदकं खायला देतात आणि पुढचे दोन तास रक्तातली साखर बघतात. 50 ग्रॅम म्हणजे सुमारे 70 ग्रॅम ज्वारीचं पीठ, आमच्याकडची एक थोरली भाकर. आकडा एका भाकरीचा, आणि मी त्याच्या भरवशावर तीन-तीन रिचवत होतो. शिवाय ज्वारीला ती रांग दिली कोणी? 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात मधुमेही लोकांना ज्वारीची भाकर खाऊ घातली होती, तिचा आकडा 77 आला. बाजरीचा 55. नंतरच्या काही अभ्यासांत ज्वारी याहून खाली उतरली. वाण बदललं, दळण बदललं की आकडा हलतो. मला मऊसूत भाकर आवडते म्हणून मी गिरणीवाल्याला "बारीक दळ" असं बजावून सांगायचो. पीठ जितकं बारीक तितकी साखर लवकर चढते, हे त्याला कुठून ठाऊक असणार; मला तरी कुठे होतं!

गुरुवारच्या उपवासाची गोष्ट याहून लाजिरवाणी. शेगाव इतकं जवळ, गुरुवार सोडवत नाही. त्या दिवशी अन्न नाही म्हणून मी स्वतःवर खूश असायचो आणि साबुदाण्याची उसळ दोनदा घ्यायचो, बटाटा घातलेली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. चहात साखरेऐवजी गूळ घालायचो, कारण गूळ 'नैसर्गिक'. कचोरीच्या बाबतीत तर मी वकिली केली. तेलामुळे पचन मंदावतं, म्हणून तळलेल्या पदार्थाचा आकडा खाली येतो, हे वाचल्यावर शेगाव स्टेशनवर गाडी थांबली की मी निर्धास्त उतरायचो. वाचलेलं खरं होतं, म्हणूनच जास्त महागात पडलं. मैदा आणि तेल कुठे जाणार होते?

तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी केली तर रिपोर्ट आधीपेक्षा वाईट. मी प्रयोगशाळेवर संशय घेतला, दुसरीकडे रक्त दिलं. तिथेही तेच.

आता कळण्याची भाकर असते, ज्वारीत उडीद घालून जाडसर दळलेली, एकच. ताटातली उरलेली जागा आंबाडीची भाजी, घट्ट वरण आणि उसळ घेतात. हरभऱ्याचा आकडा तिशीच्या आसपास, आणि तो तर जिल्ह्यात रब्बीला शेतोशेती उभा असतो. तक्ता मात्र मी हरभऱ्यासाठी कधी उघडलाच नव्हता. जे खायचंच होतं तेवढंच त्यात शोधलं. साबुदाणा सुटला, त्या जागी भगर घ्यावी, तर तीही वाटीभरच, असं आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. कचोरीवर अजून आमचं एकमत नाही.

यंदा भाच्याच्या शेतात हुरड्याला गेलो. गूळ नको म्हणालो, शेव नको म्हणालो, हुरडाही मूठभरच घेतला. भाचा आगटीपाशी बसल्या बसल्या म्हणाला, "मामा, मंग आले काहून?"